डॉक्टरांच्या शिल्लक रजा

४ जानेवारी, शुक्रवार

आज ऑफिसातला शेवटचा दिवस. चोवीस वर्षं आणि सात महिने. केक आणला होता, लिंबाचा. मला लिंबाचा केक आवडत नाही हे त्या इमारतीत एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस आला नाही.

"डॉक्टरांना काउंटीच्या बैठकीला जावं लागलं," असं हिशेब बघणाऱ्या बाईंनी सांगितलं आणि माझ्याकडे न बघता सुरी पुसली. नऊ वर्षं त्यांच्या भेटीगाठींची वही मी ठेवली आहे. आज काउंटीची कसलीही बैठक नव्हती.

ही वही नवी आहे. कुठलीही फाइल उघडली की पहिल्याच पानावर कोण कोण आहे ते कळलं पाहिजे, ही माझी शिस्त. म्हणून लिहून ठेवते. मी अर्लीन बुझेक, वय एकसष्ट, लग्न केलं नाही, आईच्या घरात राहते. आई दोन वर्षांपूर्वी गेली. डॉक्टर म्हणजे डॉ. रसेल पेंडल्टन, कॉल्डर क्रीकच्या तिन्ही सरकारी शाळांचे सुपरिंटेंडेंट. दवाखान्याचे नव्हेत, शिक्षणशास्त्राचे डॉक्टर. मी त्यांची सेक्रेटरी होते.

नोव्हेंबरात शाळा मंडळापुढे ठेवायचा ठराव त्यांनी मला टाइप करायला दिला. 'पद क्रमांक १७ रद्द करण्यात येत आहे.' प्रत तपासताना माझ्या लक्षात आलं की सतरा म्हणजे मी. ते आतल्या खोलीत फोनवर हसत होते. मी ठरावातली एक चूक दुरुस्त केली आणि तीन प्रती काढल्या.

सोमवारपासून माझ्या खुर्चीत ब्रिन नावाची चौतीस वर्षांची मुलगी बसेल. पदाचं नाव 'कार्यकारी समन्वयक'. पगार माझ्यापेक्षा अकरा हजार डॉलर जास्त.

आजपासून या वहीत मी त्याला 'ते' म्हणणार नाही. 'तो'. आणि तो ज्या ज्या गोष्टीच्या जोरावर ऐटीत बसला आहे, ती प्रत्येक गोष्ट मी त्याच्याखालून ओढून काढणार आहे.

१५ जानेवारी, मंगळवार

शेजारचा ऑगी मोंटेलिओन माझ्या दारातला बर्फ काढायला आला. ऑगीने चाळीस वर्षं गावातले नळ दुरुस्त केले, आता रिटायर होऊन गावातला कर दुरुस्त करायला निघाला आहे. मंडळाच्या दर महिन्याच्या सभेत नागरिकांना बोलायला तीन मिनिटं मिळतात. ऑगी ती तिन्ही ओरडण्यात घालवतो. तो उभा राहिला की सभासद पाण्याच्या बाटल्या उघडतात.

कॉफी प्यायला आत घेतलं.

"यंदा शाळेचा कर सात टक्क्यांनी वाढवणार आहेत," तो म्हणाला. "वर बालवर्गाच्या तीन शिक्षिका कमी करणार. पैसे जास्त, शिक्षक कमी! हे कुठलं गणित गं? तू होतीस ना आत इतकी वर्षं?"

"तू सभेत काय मागतोस, ऑगी?"

"त्याचा पगार कमी करा म्हणतो."

"पगार सगळ्यांना माहीत आहे. पगार ही त्यातली सगळ्यात साधी गोष्ट आहे."

त्याने कप खाली ठेवला. मी माहिती अधिकाराच्या अर्जाचा कोरा नमुना त्याच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, "नुसता करार मागितलास तर सभेत वाचली ती आठ पानं देतील. तू माग, करार, परिशिष्ट अ ते ड, आणि मंडळाच्या अध्यक्षांनी त्याला पाठवलेली तीन पत्रं. तारखा मी सांगते, तशा घाल."

"तुला तारखासुद्धा पाठ?"

"मी टाइप केलीत ती."

ऑगीने अर्ज आपल्याकडे ओढला. मग म्हणाला, "अर्लीन, तुझ्याशी वाकडं घ्यायचं नाही बाबा कुणी."

हे वाक्य मला दिवसभर पुरलं.

२२ जानेवारी

अर्ज दिला. ऑगीच्या नावाने. माझं नाव कुठेही नाही.

६ फेब्रुवारी, बुधवार

मोठ्या दुकानाबाहेर त्याची काळी गाडी दिसली. ही गाडी गावाच्या पैशाची, पेट्रोल गावाचं, महिन्यातून दोनदा धुतात तेही गावाचं. आज धुतलेली नव्हती. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात त्याचे पांढरे ओघळ दारांवर तसेच होते. ब्रिनला कळत नाही वाटतं की बर्फ पडून गेला की दुसऱ्या दिवशी धुलाईवाल्याला फोन करायचा असतो.

ते स्वतः आत होते की नाही ते बघितलं नाही. मी बावीस मिनिटं थांबले, पण ती माझ्या कामासाठी.

३ मार्च, रविवार

कागद आले. एकशे चार पानं. ऑगीच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघं दुपारभर बसलो. तो चष्मा कपाळावर चढवून मोठ्याने वाचत होता आणि मध्येमध्ये त्याच्या मेलेल्या बायकोच्या फोटोकडे बघून शिव्यांबद्दल माफी मागत होता.

"गोल्फ क्लबची वर्गणी! 'समाजाशी संपर्क राखण्यासाठी.' कुठला समाज? माझ्याशी तर कधी खेळला नाही!"

"पुढे वाच."

"निवृत्तीनंतर नवराबायको दोघांना मरेपर्यंत आरोग्य विमा. मरेपर्यंत! आणि हे काय? वर्षाला पंचवीस दिवस रजा, न घेतलेल्या रजेचे पैसे रोख." त्याने पान उलटलं. "नऊ वर्षांत या माणसाने फक्त अकरा दिवस रजा घेतली? इतका कामसू आहे?"

मी खिडकीबाहेर बघत होते.

"आणि हे कलम चौदा ऐक. 'मंडळाने मुदतीआधी सेवेतून दूर केल्यास, आणि सुपरिंटेंडेंट यांनी हेतुपुरस्सर गैरव्यवहार केल्याचं सिद्ध न झाल्यास, उरलेल्या सर्व वर्षांचा पूर्ण पगार एकरकमी द्यावा लागेल.' कुठल्या गाढवाने लिहिलंय हे?"

मी म्हटलं, "वकिलांनी."

वहीत खरं लिहिते. दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर होता. आई दवाखान्यात होती. संध्याकाळचे सहा वाजले होते, इमारतीत आम्ही दोघंच. त्यांनी मसुदा माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "अर्लीन, तुम्ही बघा जरा. यात काही राहिलंय का?" इतक्या वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "निवडणूक होऊन मंडळ बदललं तर तुम्हाला घालवतील, डॉक्टर. त्याची सोय करून ठेवा." आणि शब्द सुचवले. 'हेतुपुरस्सर' हा माझा शब्द. ते म्हणाले, "तुमच्याशिवाय माझं काय झालं असतं!" आठवड्याने बफेलोहून चॉकलेटचा डबा आणला. आईच्या अंत्यदर्शनालाही आले होते. करडा सूट, गडद हिरवा टाय. सात मिनिटं थांबले.

हे ऑगीला सांगायची गरज नाही.

१२ मार्च, मंगळवार

सभा. मी मागून तिसऱ्या रांगेत बसले. ऑगी या वेळी ओरडला नाही, मी त्याला तसं बजावलं होतं. त्याने नुसतं वाचलं. गाडी. क्लब. विमा. रजेचे पैसे. प्रत्येक ओळीनंतर थांबायचं आणि अध्यक्षांकडे बघायचं, असं मी कागदावर कंसात लिहून दिलं होतं. पाण्याची बाटली कुणीही उघडली नाही.

माझ्या पुढच्या रांगेतली एक आई उठून म्हणाली, "माझ्या मुलाच्या वर्गात एकतीस मुलं आहेत आणि आम्ही याची गाडी धुतो?" टाळ्या पडल्या.

मग तो बोलला. तेच शांत, खालच्या पट्टीतलं बोलणं. "यातली प्रत्येक गोष्ट मंडळाने रीतसर मंजूर केली आहे. आपली काळजी मी समजू शकतो." बोलताना त्याने सभागृहावरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. त्याने ओळखीची मान हलवली, रोज सकाळी आत शिरताना हलवायचा तशी.

आणि माझीही मान हलली. माझ्या मानेचा मला इतका राग यापूर्वी कधी आला नव्हता.

२९ मार्च, शुक्रवार

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये ईस्टरआधीच्या उपासाच्या शुक्रवारचं जेवण, मांस वर्ज्य म्हणून मासळीचं. सगळं गाव तेच बोलत होतं. गावच्या पेपरात पहिल्या पानावर त्याचा फोटो आला आहे, गोल्फच्या टोपीतला. रांगेत माझ्यामागे कुणीतरी म्हणालं, "आता नोकरी शोधायला लागेल साहेबांना." मी तळलेल्या माशाबरोबर कोबीची कोशिंबीर दोनदा घेतली. कित्येक महिन्यांत अन्नाला अशी चव लागली नव्हती.

९ एप्रिल, मंगळवार

माणसं मावेनात म्हणून सभा व्यायामशाळेत घेतली. मंडळाने बाहेरच्या हिशेबतपासनिसाकडून त्याच्या सगळ्या भत्त्यांची आणि रजांची तपासणी करायचं ठरवलं. सात विरुद्ध शून्य. ज्या अध्यक्षांनी भत्ते वाढवणाऱ्या त्या तीन पत्रांवर स्वतः सही केली होती, त्यांनीही हात वर केला.

रजांची तपासणी. हे मी मागितलं नव्हतं. पण बरं झालं. तिथेच तर तो सापडणार आहे.

१४ एप्रिल, रविवार

डेनिस आली होती. माझ्या बहिणीची मुलगी, बालवर्गाला शिकवते. तिच्या हाताला नेहमी चिकटवायच्या गोंदाचा वास येतो. आज डोळे लाल होते.

"मावशी, मेमध्ये गाव शाळेच्या बजेटवर मत देईल तेव्हा ते पडेल असं सगळे म्हणतायत."

"पडू दे. लोक चिडलेत."

"अगं, बजेट पडलं तर तो नाही जात, आम्ही जातो! तीन शिक्षिकांचं आधीच ठरलंय. दोनदा पडलं तर अजून पाच. मी आठवी आहे यादीत."

"त्याला धडा मिळेल."

"कुणाला?" ती म्हणाली. "मावशी, तू हे ऑगीसाठी करतेयस, गावासाठी करतेयस, की काय आहे नक्की? लोकांना माहीत नाही, पण मला तुझी भाषा ओळखू येते. 'सदर', 'उपरोक्त'. ऑगीच्या तोंडी 'उपरोक्त'!"

"मी करदाती आहे," मी म्हटलं. "इतरांइतकीच."

आजारी माणसाकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं. जाताना गालाचा मुका घेतला नाही.

२० एप्रिल

डेनिसचं बोलणं डोक्यातून जात नाही. कधी वाटतं, थांबावं. पण थांबून करायचं काय? सकाळी साडेसहाला जाग येते, आंघोळ करून कपडे करून सव्वासातला मी तयार असते, आणि मग कुठे जायचं नसतं.

नाही थांबायचं.

२१ मे, मंगळवार

मतदान. शाळेच्या जेवणघरात पडद्यामागे उभी राहून मी 'नाही'वर खूण केली. दारात डेनिस होती, इतर शिक्षिकांबरोबर पत्रकं वाटत. मलाही एक दिलं, अनोळखी बाईला द्यावं तसं.

बजेट पडलं. ऑगीने घरी बोलावून त्याच्या लाल वाइनची बाटली फोडली. "त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असतील आता," म्हणाला. मी दोन ग्लास प्यायले. पेंडल्टनच्या घरी आता काय चाललं असेल याचा विचार करत होते. त्याच्या बायकोला वाईट बातमी आली की डोकेदुखी सुरू होते. मग जेवण ते स्वतःच गरम करून घेतात.

४ जून, मंगळवार

हिशेबतपासनीस बाईंनी मला बोलावलं. मिसेस लिंडक्विस्ट. तरुण आहे, केस घट्ट बांधलेले, पेन्सिलींना टोक नीट. मला लगेच आवडली. मी माझ्या नऊ डायऱ्या पिशवीतून काढून टेबलावर ओळीने मांडल्या. ऑफिसच्या टेबलावरच्या, पण मी स्वतःच्या पैशांनी विकत घेतलेल्या, म्हणून माझ्या. त्यात सगळं आहे. कुठल्या शुक्रवारी ते फ्लोरिडाला गेले, कुठलं विमान, कुठलं गोल्फचं मैदान. तिकिटं मीच काढायची.

तिने सकाळभर डायऱ्या एका बाजूला आणि रजापत्रकं दुसऱ्या बाजूला ठेवून तपासलं. मी समोर बसून होते. शेवटी म्हणाली, "एकशे त्रेसष्ट दिवस. हे सगळे दिवस ते बाहेर होते आणि पत्रकात हजर आहेत."

"बरोबर," मी म्हटलं. इतक्या महिन्यांनी मला हलकं वाटलं.

"पत्रकांवर आद्याक्षरं 'अ. बु.' अशी आहेत. ही कुणाची?"

"माझी."

"त्यांची सही कुठेच नाही."

"ते सही करत नसत. ते नुसतं सांगायचे. 'अर्लीन, शुक्रवार मांडू नका.' मग मी मांडायची नाही."

"लेखी कधी सांगितलं? एखादी चिठ्ठी, ईमेल?"

मी विचार केला. नऊ वर्षांतली प्रत्येक चिठ्ठी मला आठवते. "दारातून जाता जाता सांगायचे. कोट घालताना."

मिसेस लिंडक्विस्टने पेन्सिल खाली ठेवली. "मिस बुझेक, तुम्हाला ठाऊक होतं की दर जूनमध्ये याच पत्रकांवरून त्यांना शिल्लक रजेचे पैसे मिळतात?"

"चेकचं पाकीट मीच त्यांच्या टेबलावर ठेवायची."

"मग एकदाही नाही म्हणाला नाहीत?"

मी म्हटलं, "तुम्ही त्यांच्याबरोबर काम केलेलं नाही."

तिने ते लिहून घेतलं नाही.

"त्यांचा लेखी जबाब आलाय," ती म्हणाली. "तुम्हाला सांगायला हरकत नाही, तो अहवालात येणारच आहे. ते म्हणतात, रजेची नोंद ठेवणं ही सेक्रेटरीची जबाबदारी होती. आपण प्रत्येक रजा तिला वेळच्या वेळी तोंडी सांगत होतो."

वाईट हे की ते खरं आहे. प्रत्येक रजा त्याने मला सांगितली होती.

१८ जून, मंगळवार

दुसऱ्यांदा मतदान, दुसऱ्यांदा बजेट पडलं. अठ्ठेचाळीस मतांनी. आता कायद्याप्रमाणे काटकसरीचं बजेट. आठ शिक्षिका, ग्रंथालय, शाळा सुटल्यावरची उशिराची बस, सगळं बंद.

मी आज 'हो'वर खूण केली होती. हे डेनिसला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "ठीक आहे, मावशी," आणि मागे खोकी ओढल्याचा आवाज येत होता. नॉर्थ कॅरोलिनात तिच्या मैत्रिणीने शाळा बघून ठेवली आहे.

९ जुलै, मंगळवार

अहवाल वाचला गेला. व्यायामशाळेतले पंखे मोठ्या आवाजात फिरत होते, तरी प्रत्येक शब्द ऐकू आला.

'रजांच्या नोंदींत गंभीर तफावत आढळते. नोंद ठेवणाऱ्या तत्कालीन कर्मचाऱ्याकडून दीर्घकाळ हयगय झाली. सुपरिंटेंडेंट यांनी हेतुपुरस्सर गैरव्यवहार केल्याचा कागदोपत्री पुरावा मिळत नाही.'

हेतुपुरस्सर. माझा शब्द.

मग अध्यक्षांनी जाहीर केलं की गावातलं वातावरण पाहता डॉ. पेंडल्टन आणि मंडळ 'परस्पर संमतीने' वेगळे होत आहेत, आणि कलम चौदाप्रमाणे उरलेल्या तीन वर्षांचा पगार त्यांना देण्यात येईल. सहा लाख छत्तीस हजार डॉलर. शिवाय मरेपर्यंत विमा.

लोक ओरडायला लागले. मार्चमध्ये ज्या बाईसाठी टाळ्या पडल्या होत्या, तीच मागे वळली आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हीच ना ती? हिनेच सगळं लपवलं! आणि वर मागच्या रांगेत बसून तमाशा बघत होती!"

ऑगी माझ्या शेजारी होता. बाहेर आल्यावर गाडीपाशी थांबला.

"तुला माहीत होतं. माझ्या टेबलाशी बसून मी त्या अकरा दिवसांबद्दल विचारलं, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आणि ते कलम?"

मी किल्ली शोधायला पर्स उघडली. ऑगी नळ दुरुस्त करणारा माणूस, गळती कुठे आहे ते त्याला बरोबर कळतं.

"म्हणजे गाढव तू होतीस," तो म्हणाला. रागाने नाही. तसं म्हणाला असता तर बरं झालं असतं. "चाळीस वर्षं शेजारी राहतोय आपण, अर्लीन. मला पुढे केलंस, आणि मला खरं सांगितलं नाहीस." तो पायी घरी गेला. मी गाडी हळू चालवत त्याच्या मागून आले, पण तो बसला नाही.

१७ जुलै

दाराच्या काचेवर कुणीतरी अंडी फेकली होती. ऑगीने पूर्वी धुऊन दिलं असतं. मीच धुतलं.

काळी गाडी परत करावी लागली त्याला. एवढं मात्र मी ओढून काढलं.

१ ऑगस्ट, गुरुवार

पेपरात कोपऱ्यात बातमी. डॉ. पेंडल्टन यांची पेनसिल्व्हेनियात हार्लन फॉल्स इथे तीन शाळांचे सुपरिंटेंडेंट म्हणून निवड. 'अनुभवी आणि सुसंवादी नेतृत्व.' ऑक्टोबरपर्यंत वाट बघेल असं वाटलं होतं. चार आठवडेसुद्धा लागले नाहीत.

गाडी आहे म्हणे तिथेही.

१४ ऑगस्ट, बुधवार

सकाळी अकराला फोन वाजला. परगावचा नंबर.

"मिस बुझेक बोलताय का? मी मार्लीस ग्रूबर, हार्लन फॉल्स शाळा मंडळाच्या ऑफिसातून. डॉ. पेंडल्टन यांची फाइल पूर्ण करतेय. जुन्या सहकाऱ्यांत त्यांनी तुमचं नाव दिलंय."

"माझं नाव त्यांनी दिलं?"

"हो तर! 'माझं काम अर्लीनइतकं कुणाला माहीत नाही,' म्हणाले." तिचा आवाज माझ्याच वयाचा होता, किंवा थोडा लहान. बारीकसा घसा खाकरायची सवय. "खरं तर मी त्यांची सेक्रेटरी असणार आहे. अजून रुजूसुद्धा झाले नाहीत, पण भेटायला आले होते. काय चांगले आहेत हो! माझी आई आजारी असते. मी सहज बोलून गेले, तर निघताना परत आले आणि आईचं नाव विचारून घेतलं."

मी खुर्ची ओढून बसले. जानेवारीपासून मी ज्याची वाट बघत होते ती संधी हीच. एक बाई पेन हातात घेऊन मला विचारत होती की हा माणूस कसा आहे. एकशे त्रेसष्ट दिवस मला पाठ होते, तारीखवार. मी सुरुवात केली असती तर तिने लिहून घेतलं असतं, आणि ते त्याच्या फाइलमध्ये कायमचं राहिलं असतं.

मी म्हटलं, "मार्लीस, एक सांगू? ते रजेवर गेले की लिहा. त्याच दिवशी, शाईने. आणि त्यांची सही घ्या. 'मांडू नका' म्हणाले तर तेही लिहा, तारीख घालून. कोट घालता घालता सांगतात ते. तेव्हा त्यांना थांबवायचं आणि सही घ्यायची."

मग ती बोलली, आणि आवाजातला गोडवा गेला होता.

"ते म्हणालेच होते, तुम्ही असं काहीतरी सांगाल म्हणून. तुम्हाला नोकरी गेल्याचं फार लागलंय, म्हणाले. तुमच्याबद्दल वाईट एक शब्द बोलले नाहीत ते. उलट म्हणाले, तिला फोन करा, तिला बरं वाटेल."

"मार्लीस, माझं ऐका..."

"आभारी आहे, मिस बुझेक," तिने सांगितलं आणि फोन ठेवला.

तिचा राग आला नाही मला. तिच्या जागी मी असते तर मीही ठेवला असता. याच्याही आधी.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

हार्लन फॉल्सच्या मंडळाची सभा दहा सप्टेंबरला, संध्याकाळी सात वाजता, त्यांच्या हायस्कूलच्या ग्रंथालयात. गाडीने सव्वाचार तास. बोलण्याची परवानगी फक्त तिथल्या रहिवाशांना आहे. बसायला मात्र कुणालाही मनाई नाही, त्यांच्या नियमावलीच्या तिसऱ्या पानावर तसं लिहिलं आहे.

डायऱ्या बरोबर घेणार. तिथेही कुणीतरी ऑगी असेल, दर महिन्याला उभा राहून ओरडणारा. त्याला आधी सगळं खरं सांगेन, कलम चौदासकट. मग नवा करार कसा मागायचा ते शिकवेन. तो माणूस जिथे जिथे जाईल तिथे तिथे मी हे करीन, गाडी चालवता येते तोवर.

केस कापायची वेळ नऊ तारखेची घेतली आहे. निळा ड्रेस लाँड्रीत टाकला. मागून तिसऱ्या रांगेत बसायचे दिवस संपले. मी पहिल्या रांगेत बसणार, मधल्या खुर्चीवर. मी दिसले पाहिजे त्यांना.